दारू महागली

तराजूच्या पारड्यात बंदुकीच्या दारूची चिमूट टाकली, पण काटा थरथरतच राहिला. डोक्यावरचा पंखा बंद केला तेव्हा कुठे तो खुणेवर स्थिरावला.

नेमबाजीच्या सरावासाठी मी रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरतो, अर्थात परवान्यानिशी. "स्वस्त पडतं," असं बायकोला, शैलाला, सांगून यंत्र घेतलं होतं. पण दारू महागली, शिसं महागलं. आज हिशेब मांडला, तर दुकानातल्या आणि माझ्या काडतुसात फरकच उरला नव्हता. तसं मी तिला सांगितलंही.

ती फोनवर बहिणीला म्हणाली, "अगं, दारू महागली म्हणून तोंड पाडून बसलेत!" आणि खळखळून हसली. मग फोन ठेवून समोर येऊन बसली.

"मग आता विकायचं का यंत्र?"

मी पारड्याकडे बघत राहिलो. संसारात बहुतेक गोष्टी अंदाजानेच केल्या. मुलांना किती रागवावं, आईजवळ किती वेळ बसावं, किती घातलं म्हणजे पुरे, ते कधी नेमकं कळलंच नाही. इथे कळतं. काटा खुणेवर आला की हात थांबतो आणि हाताबरोबर मनही जरा थांबतं. याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

"विकायचं नाही," मी म्हणालो. "पण स्वस्त पडतं, असं यापुढे म्हणणार नाही."

"ते तुम्हालाच खरं वाटत होतं," शैला म्हणाली आणि टेबलाला धक्का लागू नये म्हणून तिने खुर्ची अलगद मागे घेतली.