कानात कापूस घालणारा प्रशिक्षक

मुलींच्या फुटबॉल संघाची निवड करायला आलेल्या त्या प्रशिक्षकाचं नाव मी विचारलंच नाही. पन्नाशीचा माणूस, कानात कापूस. कोल्हापुरात मैदानाकडेची पेठच ओरडून ओरडून खेळाडू निवडून टाकते, म्हणून हा बंदोबस्त.

माझी लेक चेंडू घेऊन गोलजवळ पोहोचली. “मार की गं!” म्हणून आमच्या गल्लीनं मैदान डोक्यावर घेतलं. समोर दोघी आडव्या आलेल्या बघून तिनं चेंडू मोकळ्या मैत्रिणीला दिला. मैत्रिणीनं तो बाहेर मारला.

“वैनी, पोरीला भातुकली घेऊन द्या!” मागून कुणीतरी ओरडलं.

तरीही संघात तिचं नाव आलं. गल्लीतले चौघे प्रशिक्षकाला जाब विचारायला गेले. त्यानं एका कानातला कापूस काढून सगळं ऐकलं.

“गोल हुकला, व्हय. पर एवढ्या कालव्यात पोरीनं स्वतः बघून ठरवलं. लाथ मारायला मी शिकवतो की. ह्ये कसं शिकवू?”

मी आभार मानायला पुढे झाले. “पोरीचं माना, ताई,” म्हणत त्यानं कापूस परत कानात घातला.

रिक्षात मी तिचे आभार मानले. ती दचकलीच, आमच्यात पोरांचे आभार मानायची पद्धत नाही. त्या प्रशिक्षकाचे मात्र राहिले, म्हणून हे लिहिलं.