परवाना नंबर असलेली बाटली

बाटली हातात आली की काकाजी ती आधी उलटी धरत आणि तळाजवळच्या बारीक अक्षरांवर अंगठ्याचं नख टेकवत. "नंबर पाहा आधी. बाकी बोलणं मंग."

तुमच्याही ले-आउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, असा एखादा सर्वज्ञ असेलच. नसेल तर तुम्ही सुखी आहात, आमचा उचलून नेला असता तरी चाललं असतं.

नागपुरात माझं मेडिकल आहे. काकाजी माझ्या घरासमोर राहत. तीस वर्षं ते काटोलकडच्या एका कृषी केंद्रात काउंटरवर होते. संत्र्याच्या बागांना टॉनिक विकून निवृत्त झाले आणि मग माणसांना टॉनिक विकू लागले. माल एकच, भांगेचं तेल. ते त्याला ऐटीत 'सीबीडी' म्हणत, म्हणजे भांगेच्या झाडातलं नशा न आणणारं औषधी द्रव्य. गुडघे, झोप, शुगर, सगळ्यांवर तीच बाटली. सकाळी बगिच्यातली म्हातारी मंडळी जिभेखाली चार थेंब घेऊन, तोंड मिटून बाकावर बसलेली दिसत. तेवढी पाच मिनिटं बगिच्यात शांतता असे. त्या तेलाचा मी पाहिलेला गुण एवढाच.

कोणी भीत भीत विचारलं, "पोलिसाचं लफडं तर नाई ना?" की काकाजी उखडत. "काहून राहीन? महाशिवरात्रीले भांग पेत नाई का तुम्ही? कायदेशीर माल आहे, नंबर आहे त्याच्यावर."

मला संताप यायचा तो या अर्धवट खऱ्याचा. धडधडीत खोटं परवडतं, ते पकडता तरी येतं. कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे त्या झाडाचा फुलोरा, त्याला हात लावाल तर तुरुंग. नुसतं पान आणि बी त्या व्याख्येत येत नाही. पानांपासून परवाना असलेल्या आयुर्वेदिक कंपन्या औषध करतात, पण ते वैद्याच्या चिठ्ठीवर घ्यायचं असतं. बियांचं तेल हे खाण्याचं तेल, त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच. आणि गुणाचं म्हणाल, तर लहान मुलांच्या काही हट्टी प्रकारच्या मिरगीत शुद्ध सीबीडीचा उपयोग दिसला आहे. तोही मोजून, नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीनं, डॉक्टरच्या नजरेखाली. गुडघ्यांचा आणि झोपेचा पुरावा अजून तोकडाच आहे.

हे मी काउंटरवरून घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो. काकाजी रस्त्यावरूनच हसत. "भाऊचं पोट दुखून राहिलं! त्याले म्हणा, चार थेंब घे." आणि लोकही हसत. मी परीक्षा देऊन फार्मसिस्ट झालो, पण वस्तीचा विश्वास काकाजींवर. डोक्यात तिडीक जायची.

माझी थोरली बहीण माझ्याकडे राहते. तिला तरुणपणापासून मिरगी. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांवर तिला कित्येक वर्षांत झटका आला नव्हता. पण गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची, बोलता बोलता साधे शब्द विसरायची, आणि त्याची तिला लाज वाटायची. दुपारी मी दुकानात असताना काकाजी फाटकाशी येत. त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं की सीबीडी मिरगीवर चालतं. ताईच्या हातात बाटली ठेवून म्हणाले, "संध्याकाळची गोळी सोडून पाहा ताई. गोळ्यांनीच तुमचं डोकं जड होऊन राहिलं." तिनं ऐकलं. मला कळू नये म्हणून गोळ्या तुरीच्या डब्यात टाकत गेली.

अकराव्या दिवशी कढी उतरवताना तिला झटका आला. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. पडली ती गॅसच्या उलट्या बाजूला, म्हणून वाचली.

तिच्या हाताला पट्टी बांधून आणली, तिच्याकडून सगळं कळलं आणि ती बाटली घेऊन मी काकाजींच्या दारात उभा राहिलो. बाटली माझ्या हाती पहिल्यांदाच आली होती; त्यांच्या लाडक्या नंबरच्या वरची ओळ मोठ्यानं वाचली. "भांगबियांचं तेल. खाद्यपदार्थ. काकाजी, हा खाण्याच्या तेलाचा नंबर आहे! सीबीडी नाहीच यात. म्हणून तर कायदेशीर आहे!"

त्यांनी बाटली घेतली, चष्मा लावला. ओठ हलवत एकेक इंग्रजी अक्षर लावत राहिले. "नंबर आहे म्हणजे सरकारनं तपासलं असन ना गा," ते हळूच म्हणाले. "दुकानात बिननंबरी बाटली मी तीस वर्षांत ठेवली नाई." हे मात्र खरं होतं. फवारणीच्या औषधाची बाटली त्यांनी नंबर पाहूनच शेतकऱ्याच्या हातात दिली असणार. मला क्षणभर त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

आत पलंगावर काकू होत्या. त्यांना कंपवात आहे हे ऐकून होतो, पण पाहिलं त्या दिवशी. उजवा हात चादरीवर एकसारखा थरथरत होता. उशाशी तीच बाटली. काकाजी त्यांच्याजवळ बसले, तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "दोन वर्षांपासून देऊन राहिलो हिले. मले वाटे, थोडा फरक आहे."

 दुकानदाराला सुचेल तेच मी विचारलं, "काकूंच्या गोळ्या बंद तर नाही ना केल्या?"

"नाई गा," ते लगेच म्हणाले. "एक दिवस नाई चुकवली. हिच्या गोळ्या बंद करायची हिंमत नाई झाली माही."

माझ्या बहिणीच्या बाबतीत मात्र ती झाली होती. बोलल्यावर त्यांचं त्यांनाही कळलं. मी निघालो.

महिनाभरात ते काकूंना घेऊन सावनेरला मुलीकडे गेले. घराला कुलूप आहे. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

ताई आता दोन्ही गोळ्या घेते, माझ्यासमोर. दुपारी फाटकाशी उभी असते. परवा म्हणाली, "मानूस भला होता गा. माह्यासाठी किती जीव तुटे त्याचा."  काकूंच्या गोळ्यांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.