शेजारची पडते तेव्हा

स्वातंत्र्यदिनाला प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला आणि आम्ही मुली कॉलेजच्या डांबरी मैदानावर सावधानमध्ये तापत राहिलो. श्रावणातलं चिकट ऊन, त्यात डोक्यावर लोकरीची टोपी. माझा संताप संताप होत होता, पण चेहऱ्यावर काही दिसू देण्याची सोय नव्हती. छात्रसेनेतलं माझं शेवटचं वर्ष. परेड संपली की कॉलेजची मुख्य कॅडेट कोण, ते जाहीर होणार होतं. सैन्यात अधिकारी व्हायच्या मुलाखतीत त्या पदाला वजन असतं, आणि यंदा नाही जमलं तर गुपचूप बँकेच्या परीक्षा द्यायच्या, असं बाबांनी उलव्याच्या घरी ठणकावून सांगितलं होतं.

आम्हाला कवायत शिकवणाऱ्या हवालदारांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांनी बजावलेलं असायचं, गुडघे कसून ठेवू नका, बुटात अंगठे हलवत राहा, म्हणजे चक्कर येत नाही. आणि शेजारची पडली तरी हलायचं नाही. तिला उचलायला मागे दोघी नेमलेल्या असतात.

शेजारी माझी जिवलग मैत्रीण होती, दिवाळे गावातली. पहाटेच्या नुसत्या चहावर आलेली. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं तसा तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला, सुटला, पुन्हा लागला. श्वास तुटक येत होता. अंगठे हलव गं बाई, मी मनात ओरडत होते. समोरून मुख्य कॅडेट निवडणारे कर्नलसाहेब आमच्याच रांगेकडे बघत होते.

ती तोंडावरच पडली. हनुवटी डांबरावर आपटल्याचा आवाज मी ऐकला. नजर मी झेंड्याच्या खांबावरून काढली नाही. मागच्या दोघी येईपर्यंत तिचा हात माझ्या बुटाला टेकलेला होता.

पद मला मिळालं. टाळ्या संपताच मी मेडिकल रूमकडे धावले. परेड बघायला आलेली तिची आई कॉटजवळ बसली होती. या मावशीच्या हातचं मी तीन वर्षं हक्काने जेवले होते.

"तू त तिच्या बाजूलाच होतीस ना गो?" मावशी म्हणाली. "पोरगी पडली न तू हात पन नाय दिलास?"

मला तिचा रागच आला. रांगेत हलायचं नसतं, एवढंच मी म्हणाले.

"आये, तिला नको बोलू," मैत्रीण हनुवटीवरची पट्टी सांभाळत म्हणाली. "मी पन नसते हलले."

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. ती माझी समजूत काढत नव्हती. मी पडले असते, तरी ती खरंच हलली नसती.