नीलम्माचं नाक

नांदूरघाटचे किराणा दुकानदार शंकरप्पा यांची लेक नीलम्मा. लहानपणी ती पोत्यात हात घालून शेंगदाणे नाकाशी न्यायची आणि खवट निघाले की गिऱ्हाइकासमोरच सांगायची. पुढं तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "थांबा, खाऊ नका. दाणे खवट हायत." पाहुणे न खाताच उठले. या नाकापायी चांगलं स्थळ गेलं, असं तिची आई अजून म्हणते. मला विचाराल तर बरं झालं. पोरगी परभणीला जाऊन अन्नशास्त्र शिकली आणि परत आली ती आमच्या मानगुटीवर बसायला.

आमच्या म्हणजे महिला सहकारी संस्थेच्या. तिथं मी, रामहरी, पगारी सचिव. चौदा बायकांत एकटा गडी, म्हणून मीच काय तो शहाणा, अशी माझी समजूत होती.

दसरा झाला की आमच्याकडची माणसं टोळ्या करून ऊसतोडीला कारखान्यांवर जातात, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. लेकरंही सोबत असतात. अशक्त लेकराला डॉक्टर जो पूरक आहार सांगतात, तो उसाच्या फडात कोण आणून देणार? म्हणून नीलम्मानं डाळं, शेंगदाणे, साखर, दूधपावडर आणि जीवनसत्त्वांची भुकटी यांचं एक पीठ बसवलं. ते सहा महिने टिकलंच पाहिजे, हा तिचा हट्ट.

दोन हजार बाराच्या दुष्काळात पहिले डबे भरले. पाडव्याला उघडले तर पीठ कालच केल्यासारखं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, संस्थेच्या नळाला पाणी आलं. आम्ही चारशे डबे भरले. नीलम्मानं त्यातले दहा तिच्या उबदार पेटीत ठेवले. त्या पेटीतला आठवडा म्हणजे बाहेरचा महिना. तिसऱ्या आठवड्यात तिनं एक झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "कुबट. सगळे टाकून द्या."

मी भडकलो. "मला तर काई वास येईना! टोळ्या नऊ दिवसांत निघतेत. जरासं कुबट खाऊन कुणी मरतंय व्हय?"

"मरतंय," ती म्हणाली. "दाण्याच्या बुरशीचं ईख डोळ्याला दिसत न्हाई, भाऊ. अशक्त लेकराचं लिव्हर आधी जातं."

पीठ करणाऱ्या कडूबाईची नात छबू त्या टोळ्यांतच जाणार होती. दीड वर्षाची, वजन सहा किलो. डबे नसले तर पोरीला सहा महिने भाकरीच्या कुस्कऱ्यावर काढायचे. मला कडूबाईच्या तोंडाकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी नीलम्मानं पहिल्यासारखंच पीठ पुन्हा करायला लावलं, शेडमध्ये खुर्ची टाकली आणि नुसती बघत बसली. माल तोच, बायका त्याच, चक्कीही तीच. दुपारी कडूबाईनं चक्की पाण्यानं धुतली, ओले डबे फडक्यानं पुसले आणि भरायला घेतले.

"मावशी, गेल्या साली कसं करत हुता?"

"गेल्या साली पानी कुठं हुतं, बाई? चक्कीत कोरडा कोंडा फिरवायचो. डबे राखेनं घासून, पुसून, दिसभर उनात."

"मंग औंदा धुवायला कुणी सांगितलं?"

चौदा बायकांनी माझ्याकडं बघितलं.

सांगणारा मीच. एवढं पाणी आलंय, आता तरी नीट स्वच्छता दिसू द्या, म्हणून 'भांडी धुऊनच वापरावीत' अशी पाटी माझ्या हातानं रंगवली होती. आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. उठून पाटी उतरवली.

नीलम्मानं खडू घेतला आणि दारात रेघ ओढली. "हिच्या आत अजून दुष्काळच हाय, असं समजा. हात भाईर धुवा, वाळवा, मंग आत या."

चारशे डब्यांचं पीठ खड्ड्यात गेलं. पुन्हा दाणे भाजले. ऊन नसेल त्या दिवशी डबे भट्टीवर तापवून कोरडे केले. हाताला फोड आले तरी कुणी सुट्टी घेतली नाही, मी तर नाहीच. टोळ्यांचे ट्रक निघाले त्या सकाळी शेवटचे डबे चढवले. पुढं नीलम्माच्या पेटीतले डबे चांगले निघत गेले, पण पेटी म्हणजे फड नव्हे, म्हणून सहा महिने तिला चैन नव्हतं.

पाडव्याला टोळी परतली. छबू आईच्या कडेवरून उतरून चालत शेडच्या दाराशी आली. काट्यावर नऊ किलो भरली. तिच्या आईनं गाठोड्यातून एक न फोडलेला, शेवटचा डबा काढला.

नीलम्मानं झाकण उघडलं, डबा नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग माझ्यापुढं केला.

"मला काईच कळंना, भाऊ," ती म्हणाली. काटा बघितल्यापासून रडून रडून तिचं नाक बंद झालं होतं. "तुमी बघा."

मी वास घेतला. खरपूस दाण्यांचा होता. तरी पुन्हा एकदा घेतला, आणि मगच छबूच्या तळहातावर चमचाभर पीठ ठेवलं.