परेशचा जुना लॅपटॉप

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, राजवाड्यामागच्या लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात परेश सगळ्यांत जुना. लालबागच्या मेळ्यात दुकानांच्या जागा ऑनलाइन बुक व्हायच्या, ती साइट त्यानंच उभी केलेली. पण मालक देवेंद्रजींनी यंदा ती नाशिकहून आलेल्या उर्वीकडे दिली, आणि तेव्हापासून परेशला चहासुद्धा गोड लागेना. पोरगी कामात तेज होती. आणि बोलायची किती स्वच्छ! परेशनं तोंड उघडलं की निम्मी हिंदीच सांडायची.

त्या संध्याकाळी बुकिंग सुरू व्हायचं होतं, आणि नव्या सर्व्हरवर साइट नीट उठेचना.

"लॉकफाइलच नाहीये," उर्वी म्हणाली.

साइटला लागणाऱ्या शेकडो तयार पॅकेजांची नेमकी कुठली आवृत्ती घ्यायची, ते त्या फाइलीत असतं. या ऑफिसचा रिवाज निराळा होता. दोघांचे बदल त्या फाइलीत भिडले की फाइलच उडवायची. "अपने आप बनती है," म्हणायचे सगळे. शेवटी कुणी ती ठेवेनासंच झालं.

उर्वीनं ती नव्यानं बनवली. बनली, पण पॅकेजं सगळी ताजी उतरली, जुन्या साइटशी ती जुळेनात आणि दुकानांचा नकाशा कोरा दिसू लागला. तिनं पुन्हा केलं. पुन्हा कोरा.

"क्या हुआ, उर्वीजी?" परेशनं विचारलं. आवाजातला आनंद त्याला स्वतःलाच ऐकू आला.

उपाय त्याला माहीत होता. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर साइट अजून चालत होती, म्हणजे जुनी पॅकेजं तिथे तशीच पडून होती. त्यांच्यावरून फाइल बनवली की जुन्याच आवृत्त्या नोंदल्या जाणार. पण नुसतं गप्प बसलं, तर साइट परत त्याच्याच हातात येणार. तो आपल्या स्क्रीनकडे वळला.

तेवढ्यात देवेंद्रजी आले. "हो जाएगा ना? मेळेवाले फोन पे फोन करून राहिले."

"होईल, सर. साइट परेशदादांची आहे, त्यांना विचारते. मघाशीच विचारायला हवं होतं, पण संकोच वाटला."

परेशचे कान तापले. त्यानं कपाटातून लॅपटॉप काढून तिच्यापुढे ठेवला.

"ले. यात पडलंय सगळं. पण आधी काही अपडेट करू नको हं, नाहीतर सब गया."

उर्वीनं तिथेच फाइल बनवली, प्रोजेक्टमध्ये घातली, सर्व्हरवर चढवली. नकाशावर दुकानं उमटली.

"वा, उर्वी!" देवेंद्रजी म्हणाले.

"मी कुठे, सर? दादांच्या लॅपटॉपनं वाचवलं. आणि आता ही फाइल कुणी उडवायची नाही."

"अरे भिया, तो पहले बोलना था ना!" देवेंद्रजी परेशकडे वळून म्हणाले.

परेश कसनुसा हसला. मिळालेली शाबासकी दुसऱ्याच्या पदरात टाकणं तिला किती सहज जमलं! आता त्याला तिच्या या मोठेपणाचाही हेवा वाटू लागला.