बिनखिशाचा कुर्ता

आमची केतकी फॅशन डिझाइनच्या कोर्सला रीतसर प्रवेश घेऊन दोन वर्षं कपड्यांवरच्या वस्तू काढून टाकायला शिकली.

शेवटच्या परीक्षेसाठी तिनं केलेले कपडे सगळे पांढरे. काठ नाही, जर नाही, बटणसुद्धा नाही! एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोफ्यावर ते मांडून तिनं आमची मतं मागितली. (इथंच पोरीचं चुकलं.)

"छान आहेत गं," हिनं कापड चाचपलं, "शिवायला कधी टाकणार?"

"आई, शिवलेलेच आहेत!"

गोखिवऱ्याहून भाजी आणणाऱ्या, एव्हाना घरच्याच झालेल्या कमळामावशींनी हळूच विचारलं, "पोरी, कापर कमी परला काय?"

केतकीचे डोळे भरले. मला बघवेना. "मला तर फार आवडले! कसं मोकळं मोकळं वाटतं!"

परीक्षेच्या फॅशन शोच्या दिवशी तिचा एकुलता एक पुरुष मॉडेल कांजिण्यांनी आडवा झाला. "बाबा, तुम्हाला आवडलेत ना? मग तुम्हीच चाला! एक जरी ड्रेस कमी पडला तरी नापास करतील."

मी कुर्ता-पायजमा चढवला. सवयीनं हात खिशाकडे गेला. खिसाच नाही!

"अनावश्यक आहे, बाबा."

"आणि पाकीट?"

"आईकडे द्या."

आई मावशींसोबत पार पाचव्या रांगेत! भर हॉलमध्ये पाकीट हातोहात पाठवायचं? मी ते नाडीत खोचलं, चष्मा गळ्याशी अडकवला, चाव्या मुठीत धरल्या आणि तिसऱ्या नंबरवर ऐटीत निघालो.

चार पावलांत पाकीट नाडीतून सुटलं आणि पायजम्यातून प्रवास करत घोट्याशी बाहेर आलं.

"दादा, पाकिट परला!" मावशी हॉलभर ओरडल्या.

वाकलो, तर चष्मा पडला. चष्म्याशिवाय चष्मा शोधायचा म्हणून रांगू लागलो. मागून ताठ मानेनं येणारी मुलगी मला अडखळून माझ्याच पाठीवर बसली. टाळ्यांचा कडकडाट!

पोरीचं वाटोळं केलं, या विचारानं मला रडूच यायचं बाकी होतं. पण केतकीनं सगळ्यांसमोर येऊन मला उठवलं आणि माझा हात धरून उभी राहिली. परीक्षक बाईंनी माइक घेतला.

"पहिला वर्ग! या मुलीनं अनावश्यक ते सगळं काढून टाकलंय."

माझी छाती फुगली.

"फक्त तिसऱ्या ड्रेसमधला माणूस तेवढा राहून गेलाय!"