नव्वद सेकंद आणि पडद्याची दांडी

काय सांगावं तुम्हाला, माणसानं साठ वर्षांपूर्वीच्या खुनात नाक खुपसू नये. त्यातून तो परदेशात झालेला असेल तर मुळीच नाही. मी खुपसलं आणि पोरीचं जमत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. चहा घ्या, सांगतो.

मी तीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, ते वहीत लिहायचं काम. त्यामुळं वेळेच्या बाबतीत माझ्यापुढं कोणी बोललेलं मला खपत नाही. सिडकोत आमची सहा मजली इमारत आहे. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि खाली शेखभाईंचं चहाचं हॉटेल. तिथं मी, शेखभाई आणि इतिहासाचे रिटायर गायकवाड सर असे रोज बसतो.

महिनाभर आमचा एकच वाद चालला होता. एका परक्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाला भररस्त्यात गोळ्या घातल्या. संशयित म्हणे रस्त्याकडेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर होता, आणि दीडच मिनिटात पोलिसाला तो दुसऱ्या मजल्यावर दिसला. अगदी शांत, धापसुद्धा नाही.

गायकवाड सर म्हणायचे, "जमतं. तरणा माणूस होता."

मी म्हणायचो, "कागदावर जमतं, सर. कागदावर तर आमच्या सगळ्या गाड्या वेळेवर होत्या."

त्या रविवारी आमच्या पल्लवीसाठी फुलंब्रीहून पाहुणे येणार होते. मुलगा वाळूजला कंपनीत. दोघांची एकमेकांना पसंती झालेली, फक्त थोरल्यांची गाठ पडायची बाकी. मुलगा दुपारी मोटारसायकलवर परस्पर येणार होता, आईवडील पावणेअकराच्या गाडीनं. बायकोनं मला दोनच कामं दिली होती. हॉलच्या पडद्याला नवी दांडी आणायची, आणि पाहुण्यांना स्टँडवरून घरी आणायचं. दुसरं काम तिनं तीनदा सांगितलं. तिचा माझ्यावर किती विश्वास आहे, ते यावरून समजून घ्या.

दांडी घेऊन मी साडेदहाला परत आलो, तर हॉटेलात सर आणि शेखभाई पुन्हा त्याच जिन्यावर चढलेले. शेखभाई म्हणाले, "साळवेसाब, बहस बहुत हो गई. अपनी बिल्डिंग भी छे मालेकी है. करकेच देखो ना."

मला पाहुणे आठवत नव्हते असं नाही. पण फुलंब्रीची ती गाडी मला तोंडपाठ. त्या रस्त्यानं ती सव्वाअकराच्या आत आलेली मी वहीत कधी लिहिली नव्हती. म्हणजे हातात चांगला पाऊण तास. एक खून करायला तेवढा पुष्कळ झाला.

झालं, वाटण्या ठरल्या. मी संशयित. शेखभाई पोलीस, दुसऱ्या मजल्यावर माझ्याच दाराची पाटी पाठीनं झाकून. गायकवाड सर खाली गेटापाशी, माझा मोबाईल घेऊन, कारण त्यात सेकंद मोजता येतात. सरांच्या फोनमध्ये फक्त बोलता येतं. लिफ्ट बंदच होती, तेव्हा फसवायचा प्रश्न नव्हता. बंदुकीच्या जागी खाकी कागदात गुंडाळलेली दांडी घेऊन मी सहाव्या मजल्यावर चढलो, दहा मिनिटं श्वास घेतला, खिडकीतून सरांना हात दाखवला आणि पळत सुटलो.

पाचवा गेला, चौथा गेला. तिसऱ्यावर एक टोपीवाले गृहस्थ आणि मागं एक बाई, हातात पेढ्यांचा पुडा, दारावरच्या पाट्या वाचत उभे.

"अवो, जरा दमानं," ते म्हणाले.

"सरका, सरका! खून करून आलोय, दीड मिनिटात खाली पोचायचंय!"

बाई भिंतीला चिकटल्या. मी पुढं गेलो.

दुसऱ्यावर पोचलो आणि दाराला टेकून शांत उभा राहिलो. शांत म्हणजे काय, लोहाराचा भाता चालू होता. शेखभाईंनी हात पुढं केला आणि दरडावलं, "कौन है तू? इधर क्या कर रहा?" तेवढ्यात मागून ते गृहस्थ जिना उतरून आले. पोलीस बघून त्यांना जरा धीर आला.

"पकडला का? बरं झालं. इथं साळवे कंट्रोलर कुठं ऱ्हातेत वो? खाली गेटापाशी एकानं नुसतं वर बोट दावलं. मोबाईलकडं बघत व्हते नुसते."

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी जे केलं ते करू नका. मी म्हणालो, "साळवे? ते स्टँडवर गेलेत. पाव्हण्यांना आणायला."

"आम्हीच पाव्हणे. लई फोन केले, कुणी कट करून ऱ्हायलंय."

आणि दार उघडलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही इथं काय करताय? पाहुणे कुठंयत?"

पाहुण्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग दांडीकडं, मग पोलिसाकडं. पोलिसाच्या खांद्यावर चहाचं फडकं होतं. खालून गायकवाड सर ओरडले, "एक मिनिट बावन्न! साळवे, तुमची नऊ वेळा रिंग वाजली, मीच कट केली, मध्येच सेकंद दिसेनात!"

आत गेल्यावर मी धीर करून विचारलं, "पण गाडी वेळेवर कशी आली?"

"रस्ता मोठा होऊन दोन वर्षं झाली की," पाहुणे म्हणाले. "तुम्हाला नाय म्हाईत?"

सगळ्या मराठवाड्याला माहीत होतं. फक्त कंट्रोलरला नव्हतं. पल्लवी चहा घेऊन आली, तिचे डोळे भरलेले. मी हात जोडले, सगळं पहिल्यापासून सांगितलं, संशयितासकट. पाहुण्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग बाईंनाच हसू फुटलं, ते आवरेना. पाहुणे म्हणाले, "मानूस खोटं बोलतो, पर त्याला जमत नाय. अशा घरची पोर चालंल."

जमलं हो लग्न. तारीख ठरली, बायकोनं आणि पाहुण्यांनी दुपारी साडेबाराची वेळ ठरवली. पत्रिका छापायला देताना पल्लवीनं छापखानेवाल्याला सांगितलं, "एक पत्रिका वेगळी काढा. बाबांसाठी. तिच्यात साडेअकरा टाका."

मला नंतर कळलं, तेव्हा लई लागलं ते. बापावर एवढाही भरवसा नाही?

लग्नाच्या दिवशी मी हॉलवर पोचलो तेव्हा बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.